कोणी पाहत नसताना चंद्र असतो का? बेलच्या प्रयोगाने नेमके काय नाकारले

प्रश्न असा आहे: "निरीक्षण होईपर्यंत वस्तूला गुणधर्मच नसतात, म्हणजे जग आपल्या जाणिवेतून घडते, हे क्वांटम भौतिकीने सिद्ध केले असे सर्रास ऐकायला मिळते. २०२२ चे नोबेलही त्यालाच मिळाले म्हणतात. मग कोणी पाहत नसताना आकाशात चंद्र असतो की नाही?"

नोबेल मिळाले हे खरे. आलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन झाइलिंगर यांना ते गुंतलेल्या फोटॉनांवरच्या, म्हणजे ज्यांची उत्तरे एकमेकांशी बांधलेली असतात अशा प्रकाशकणांच्या जोड्यांवरच्या, प्रयोगांसाठी मिळाले. जाणिवेचा भाग त्या प्रयोगांतून निघत नाही. मधले वाक्य, म्हणजे 'गुणधर्म आधीपासून नसतात', हे मात्र काही अटींसह खरे आहे आणि त्या अटींतच सगळा जीव आहे. अटी गाळल्या की एका विलक्षण निष्कर्षाचा चोथा होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. सोबत कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरे.

सुरुवात चपलांपासून करू. कोल्हापुरी चपलांचा एक जोड घ्या. डोळे मिटून एक चप्पल एका खोक्यात आणि दुसरी दुसऱ्या खोक्यात घाला. एक खोके पुण्याला पाठवा, एक नागपूरला. पुण्याचे खोके उघडल्यावर डावी निघाली, तर नागपूरला उजवी आहे हे तिथे न जाता कळते. यात कोणाला नवल वाटत नाही, कारण चपला पहिल्यापासून डाव्या-उजव्या होत्याच. खोके उघडून फक्त आपले अज्ञान गेले.

१९३५ साली आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी जो युक्तिवाद मांडला त्याचा गाभा हाच आहे. दूरच्या कणाला हात न लावता त्याच्या मापनाचे उत्तर खात्रीने सांगता येत असेल, तर ते उत्तर त्या कणात आधीपासून असलेच पाहिजे. क्वांटम सिद्धांताच्या गणितात त्याची नोंद नाही, अर्थात सिद्धांत अपुरा आहे. हा युक्तिवाद भक्कम आहे. 'उतारवयात आइनस्टाइनला क्वांटम पचले नाही' असे म्हणून तो उडवून लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. क्वांटम सिद्धांताच्या जनकांपैकी एक नील्स बोर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले, पण पुढची जवळजवळ तीस वर्षे हा वाद ज्याच्या त्याच्या कलाचा मानला गेला. दोन्ही बाजूंचे भाकीत सारखेच येणार, मग प्रयोग कशाचा करायचा, अशी समजूत होती.

ती समजूत १९६४ मध्ये जॉन बेल यांनी मोडली. भाकिते सारखी येत नाहीत, फरक मोजता येतो, हे त्यांनी दाखवले. क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ मध्ये प्रयोगशाळेत वापरता येईल असे रूप त्याला दिले. ते इतके सोपे आहे की आठवीतल्या मुलालाही तपासता येईल.

फोटॉनांची एक जोडी घ्या, एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. डावीकडे आपण पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणारा (त्या दिशेत 'ध्रुवित') प्रकाशच पार जाऊ देणारी चकती, दोनपैकी एका कोनात ठेवतो. फोटॉन पार गेला तर उत्तर +१, अडला तर −१. पहिल्या कोनाच्या उत्तराला अ१ म्हणू, दुसऱ्याच्या उत्तराला अ२. उजवीकडे तसेच ब१ आणि ब२. आता धरून चला की फोटॉन चपलांसारखे आहेत, म्हणजे प्रत्येक जोडी चारही उत्तरे आपल्याबरोबर घेऊनच निघते, विचारा अथवा न विचारा. मग ही बेरीज करा:

अ१ × (ब१ − ब२) + अ२ × (ब१ + ब२)

ब१ आणि ब२ सारखे असतील तर पहिला कंस शून्य आणि दुसरा +२ किंवा −२. वेगळे असतील तर उलट. म्हणजे काहीही झाले तरी एका जोडीची बेरीज +२ किंवा −२ च येते. चार उत्तरांच्या सोळा शक्यता मांडून पाहा, सतरावी नाही. आणि प्रत्येक जोडीची बेरीज २ च्या आत असेल तर लाखो जोड्यांची सरासरीही २ च्या वर जाऊ शकत नाही. यात क्वांटम भौतिकी कुठेच आलेली नाही, हे लक्षात घ्या. हा निव्वळ अंकगणिताचा निष्कर्ष आहे.

क्वांटम सिद्धांत मात्र सांगतो की योग्य तऱ्हेने गुंतलेल्या जोडीसाठी दोन बाजूंच्या उत्तरांच्या गुणाकाराची सरासरी ही कोनांतल्या फरकाच्या दुपटीची कोसाइन असते. डावीकडे ०° आणि ४५°, उजवीकडे २२.५° आणि ६७.५° ठेवा. चारपैकी तीन सरासऱ्या +०.७०७ आणि एक −०.७०७ येते. ती उणे सरासरी नेमकी वजाबाकीच्या जागी पडते आणि बेरीज होते २√२, म्हणजे २.८२८. आता हे मोजायचे.

आज हा प्रयोग एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत एका ऑप्टिकल टेबलावर मावतो. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा डायोड लेझर. त्याच्या पुढे हाफ-वेव्ह प्लेट, तिने लेझरचे ध्रुवीकरण ४५° वर आणायचे. मग बेरियम बोरेटचे, म्हणजे बीबीओचे दोन पातळ स्फटिक एकाला एक चिकटून, पण अक्ष एकमेकांना काटकोनात. लेझरच्या अब्जावधी फोटॉनांपैकी एखादा इथे फुटून ८१० नॅनोमीटरचे दोन फोटॉन होतात आणि मूळ किरणाशी काही अंशांचा कोन करून दोन्हीकडे निघतात. पहिल्या स्फटिकात फुटला तर दोघेही उभे ध्रुवित, दुसऱ्यात फुटला तर दोघेही आडवे. कुठल्या स्फटिकात फुटला याचा माग कुठेही राहू द्यायचा नाही, गुंतणे त्यातूनच येते. प्रत्येक वाटेवर पोलरायझर, ८१० नॅनोमीटरचा फिल्टर, भिंग, आणि एकेक फोटॉन टिपणारा सिलिकॉन डिटेक्टर. दोन्ही डिटेक्टरांच्या तारा कोइन्सिडन्स काउंटरला जोडायच्या. काही नॅनोसेकंदांच्या आत दोन्हीकडे क्लिक आले तर ती एक जोडी.

चार कोनजोड्या, आणि प्रत्येकीसाठी दोन्ही पोलरायझर ९०° फिरवूनही मोजायचे, असे एकूण सोळा आकडे मिळतात. एका कोनजोडीत हजार जोड्या पकडल्या तर ०° आणि २२.५° ला आदर्श स्थितीत सारखी उत्तरे साधारण ८५४ आणि वेगळी १४६ यावीत. सरासरी ०.७०८. प्रत्यक्षात ध्रुवीकरणाचा मेळ, म्हणजे दोन्हीकडच्या उत्तरांची जुळणी, पूर्ण नसतो. तो ९५ टक्के असेल तर बेरीज २.६९ च्या आसपास येते. हजार-हजार जोड्यांवर तिची अनिश्चितता जेमतेम ०.०५ असते. म्हणजे २ ची मर्यादा चौदापट अनिश्चिततेने ओलांडली. मेळ ७१ टक्क्यांच्या खाली गेला की मर्यादा ओलांडली जात नाही. त्यामुळे आधी मेळ मोजायचा आणि मगच बेरजेच्या मागे लागायचे.

इथे एक चूक इतक्या वेळा होते की ती सविस्तर सांगायलाच हवी, कारण तिच्यातच प्रश्नाचे मर्म आहे. उभ्या-आडव्या कोनात मोजले की जोडीचा मेळ ९८ टक्के दिसतो, सगळे खूश होतात, आणि बेरीज येते १.४. यंत्रात बिघाड काहीच नसतो. लेझरचे उभे आणि आडवे घटक स्फटिकांतून जाताना थोडे मागे-पुढे होतात आणि फोटॉन कुठल्या स्फटिकात जन्मला हे तेवढ्या फरकातून कळू शकते. तसे झाले की गुंतलेपणा जातो आणि मागे उरते साधी सरमिसळ: निम्म्या जोड्या उभ्या-उभ्या, निम्म्या आडव्या-आडव्या. ही झाली खरीखुरी चपलांची जोडी. उभ्या-आडव्या कोनात ती गुंतलेल्या जोडीसारखीच दिसते. ४५° ला पोलरायझर फिरवला की तिचा मेळ शून्यावर येतो. उपाय म्हणून लेझरच्या वाटेत क्वार्ट्झची पट्टी ठेवून ती किंचित तिरकी करत जायचे, ४५° चा मेळ वाढताना काउंटरवर दिसतो. 'एक मोजले की दुसरे लगेच कळते' एवढेच सांगून गुंतलेपणाचे आश्चर्य समजावणाऱ्या प्रत्येकाने हा १.४ चा आकडा एकदा पाहावा. तेवढे तर चपलाही करतात. आश्चर्य आहे ते सगळ्या कोनांत मेळ टिकण्यात.

दुसरी अडचण योगायोगाच्या क्लिकांची. दोन्ही डिटेक्टर सेकंदाला ५०,००० क्लिक देत असतील आणि जोडी ठरवण्याची खिडकी १० नॅनोसेकंदांची असेल, तर निव्वळ योगायोगाने सेकंदाला २५ खोट्या जोड्या नोंदल्या जातात. जिथे शून्य यायला हवे तिथे हेच २५ बसतात आणि मेळ खातात. खोलीतले दिवे बंद करणे, खिडकी अरुंद करणे, लेझरची शक्ती कमी करणे, हे तीन उपाय. शक्ती वाढवून 'जास्त डेटा' मिळवायचा मोह टाळा. खऱ्या जोड्या शक्तीच्या प्रमाणात वाढतात, खोट्या तिच्या वर्गाच्या प्रमाणात.

एवढे करून २.६९ मिळाले, तर चपलांचा सिद्धांत मेला का? लगेच नाही. अंकगणितात आपण नकळत दोन-तीन गोष्टी धरल्या होत्या. पहिली, उजवीकडचे उत्तर डावीकडच्या कोनावर अवलंबून नाही. टेबलावर दोन्ही बाजू हाताच्या अंतरावर असतात, तेव्हा काहीतरी निरोप पोचत असेल अशी शंका घेता येते. आस्पे यांनी १९८२ मध्ये पॅरिसजवळ ओर्से इथे दोन बाजूंत १२ मीटर अंतर ठेवून दर १० नॅनोसेकंदांनी कोन बदलला. १२ मीटरला प्रकाशालाही ४० नॅनोसेकंद लागतात. मात्र त्यांचे कोन ठरावीक तालात बदलत होते. १९९८ मध्ये इन्सब्रुकला ४०० मीटरवर खऱ्या यादृच्छिक पद्धतीने कोन निवडून ती उणीव भरून काढली.

दुसरी गोष्ट डिटेक्टरांची. निम्म्याहून जास्त फोटॉन वाटेत हरवत असतील तर सापडलेले फोटॉन सगळ्यांचे प्रतिनिधी आहेत हे आपण मानून घेतो. ते न मानता, पूर्ण गुंतलेल्या जोडीवर ही परीक्षा घ्यायची तर प्रत्येक बाजूला ८२.८ टक्क्यांहून जास्त फोटॉन पकडावे लागतात. मुद्दाम अर्धवट गुंतवलेल्या जोड्या वापरल्या तर दोन तृतीयांशाहून जास्त पुरतात. शिकवण्याच्या टेबलावर हे प्रमाण त्याच्या जवळपासही नसते. म्हणून विद्यापीठातल्या प्रयोगाने 'सिद्ध केले' असे म्हणू नये, 'दाखवले' म्हणावे.

दोन्ही पळवाटा एकाच प्रयोगात बंद व्हायला २०१५ साल उजाडले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन गुंतवले. २४५ फेऱ्यांत बेरीज आली २.४२, अनिश्चितता ०.२०. त्याच वर्षी व्हिएन्ना आणि अमेरिकेतल्या बोल्डर इथे फोटॉनांवर, अतिशीत डिटेक्टर वापरून, कितीतरी जास्त खात्रीने तेच मिळाले.

तिसरी गोष्ट जास्त खोल आहे. एका जोडीला आपण चारपैकी एकच कोनजोडी विचारतो, त्यामुळे चार सरासऱ्या चार वेगळ्या गटांवरून येतात. आपली कोनाची निवड आणि जोडीतली दडलेली माहिती यांचा आधीपासून काही संबंध नाही, असे आपण मानतो. २०१८ मध्ये ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणींनी दोन क्वासारांचा, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांचा, प्रकाश पकडून त्याच्या रंगावरून कोन निवडले. एक प्रकाश ७८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, दुसरा १,२२० कोटी. मर्यादा तरीही ओलांडली गेली. कोणाला संगनमत दाखवायचेच असेल तर ते इतक्या मागे न्यावे लागेल. तर्काने ते अशक्य नाही. पण तसे मानले तर औषधाच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटवारीवरही विश्वास ठेवता येणार नाही, आणि प्रयोग नावाची गोष्टच उरणार नाही. ही वाट विचारात घ्यायला हरकत नाही, तिची किंमत मात्र उघडपणे सांगितली पाहिजे.

आता तत्त्वज्ञान. प्रयोगाने नाकारली आहे ती चार विधानांची मोळी: उत्तरे आधीपासून ठरलेली असतात, एका जागी केलेल्या निवडीचा दूरवर परिणाम प्रकाशाच्या आधी पोचत नाही, कोनाची निवड स्वतंत्र असते, आणि मापनातून एकच उत्तर प्रत्यक्षात येते. चारही एकत्र खरी असू शकत नाहीत. कोणते सोडायचे हे प्रयोग सांगत नाही.

डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये दिलेल्या मांडणीत कणांना प्रत्येक क्षणी निश्चित जागा आहे, कोणी पाहो न पाहो. बदल्यात दूरचा परिणाम तत्काळ मानावा लागतो. एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीत दूरचा परिणाम नाही, पण मापनाची सगळीच उत्तरे वेगवेगळ्या शाखांत घडतात. बोर यांच्या वाटेने जाणारे आधीपासून ठरलेली उत्तरे सोडतात. तेव्हा 'गुणधर्म आधी नसतात' हे प्रयोगाचे फळ नव्हे. दूरचा परिणाम न मानण्याचे ठरवले आणि एकच जग धरले, तर मोजावी लागणारी ती किंमत आहे. कोणी हे वाक्य अटीशिवाय म्हणाले की समजावे, तीन दारांपैकी एक दार आपल्यासाठी गुपचूप निवडले गेले आहे.

तत्काळ परिणाम म्हणजे तत्काळ निरोप, असेही समजू नये. टेबलावर पाहा: डावा पोलरायझर कितीही फिरवा, उजव्या डिटेक्टरच्या एकूण क्लिक तितक्याच राहतात, निम्म्या पार, निम्म्या अडलेल्या. मेळ दिसतो तो दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर, आणि यादी फोनने किंवा गाडीनेच आणावी लागते. प्रयोग करताना डावीकडचा कोन बदलल्यावर उजवीकडचा आकडा हलला, तर विश्वाचे रहस्य सापडले असे न समजता तारा आणि भिंगांची जुळणी तपासा.

अंतराचा मुद्दाच नको असेल त्यांच्यासाठी आणखी एक कोडे आहे. तीन बाय तीनच्या नऊ घरांत +१ किंवा −१ असे भरा की प्रत्येक ओळीचा गुणाकार +१, पहिल्या दोन स्तंभांचा +१ आणि तिसऱ्याचा −१ यावा. जमणार नाही: ओळींनी गुणले तर नऊ घरांचा गुणाकार +१, स्तंभांनी गुणले तर −१. पण दोन क्यूबिटांवर, म्हणजे मोजल्यावर दोनपैकी एकच उत्तर देणाऱ्या दोन क्वांटम वस्तूंवर, अशी नऊ मापने आहेत की कोणतीही ओळ किंवा स्तंभ एकत्र मोजा, गुणाकार हेच मिळतात. इन्सब्रुकमध्ये २००९ साली कॅल्शियमच्या दोन आयनांवर हे मोजून पाहिले गेले. म्हणजे घरातला आकडा आधीच लिहिलेला असेल, तर तो ओळीतून विचारला की स्तंभातून, यावर बदलत असला पाहिजे. 'गुणधर्म' या शब्दाला यामुळे जो हादरा बसतो, तो मला बेलच्या बेरजेपेक्षाही खोल वाटतो, कारण इथे निरोपाची शंकाच काढता येत नाही.

राहिली जाणीव. डेल्फ्टच्या फेऱ्या दिवस-रात्र चालल्या, नोंदी संगणकाने केल्या. 'निरीक्षण' या शब्दाने इथे एवढेच अभिप्रेत आहे की कणाची माहिती बाहेरच्या कशावर तरी उमटली. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २००४ चा व्हिएन्नाचा प्रयोग देतो. सत्तर कार्बन अणूंचे रेणू जाळ्यांतून सोडले की तरंगांसारखे पट्टे दिसतात. तेच रेणू लेझरने तापवत नेले की १,००० केल्विनच्या वर पट्टे पुसट होत जातात आणि ३,००० केल्विनच्या आसपास नाहीसे होतात. तापलेला रेणू उष्णतेचे फोटॉन बाहेर टाकतो आणि त्या फोटॉनांतून तो कुठे होता हे बाहेर फुटते. ते फोटॉन कोणी पाहिले की नाही याने काही फरक पडत नाही. ज्यांना यातून अद्वैताला आधार मिळतो असे वाटते, त्यांच्या श्रद्धेशी माझा वाद नाही. अद्वैताचा विचार स्वतःच्या पायांवर उभा आहे, त्याला चुकीच्या वाचलेल्या प्रयोगाची काठी देऊ नये.

आता चंद्र. त्याच्यावर सूर्याचे फोटॉन अखंड आदळतात, तो स्वतःही उष्णता बाहेर टाकत असतो, आणि यातला प्रत्येक फोटॉन त्याची जागा आसमंतात नोंदवत जातो. तापलेल्या रेणूचे जे झाले तेच चंद्राचे अब्जावधी वर्षे, दर क्षणी, कल्पनेपलीकडच्या प्रमाणावर होत आहे. म्हणून कोणी पाहो न पाहो, चंद्राच्या दोन वेगळ्या जागांतला तरंगांचा खेळ कधीच दिसणार नाही. पण त्यातून 'मग एकच जागा प्रत्यक्षात का येते' याचे उत्तर मिळत नाही, आणि इथे प्रामाणिक माणसाने थांबून तसे सांगावे. काहींच्या मते मोठ्या वस्तूंसाठी क्वांटमचा नियमच बदलतो. घिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये तसे समीकरण दिले. या घराण्यातल्या मांडण्या तपासता येतात हे त्यांचे मोठेपण आहे. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या डिटेक्टरने अशा एका मांडणीतून अपेक्षित असलेले किरण शोधले, आणि २०२० मध्ये तिचे सर्वांत साधे रूप बाद झाले. दुसरीकडे, २०१९ मध्ये सुमारे दोन हजार अणूंच्या, २५,००० हून अधिक अणुवस्तुमानाच्या रेणूंनीही पट्टे दाखवले. नियम बदलणारी सीमा असेलच, तर ती त्याच्या पुढे कुठेतरी आहे.